इतर हक्क

बँकेला तीस वर्षांचाच शोध हवा होता.
वकील म्हणाले, बाई, एवढ्यावर कर्ज मिळतंय,
आणखी मागं कशाला उकरता.
पण कोर्टाबाहेरच्या टेबलावर बावीस वर्षं
मी दुसऱ्यांच्या घरांच्या वाटण्या टाईप केल्यात.
एकदा आपल्या घराचे कागद
ओळीनं लावून बघावेत, एवढंच.

साखर पेठ. दोन खोल्या, वर पत्रा, दारात नळ,
चार दिवसांआड, पहाटे तीनला.
आमच्या आधी महिंद्रकर, पिठाची गिरणी;
कोनाड्यात बोट फिरवलं तर अजून ज्वारी निघते.
त्यांच्या आधी इरण्णा तोग्गी, आडतवाले,
इथं एक रात्रही न झोपलेले,
दहा तारखेला भाडं न्यायला येणारे.
भाडेकरूंची नावं कागदावर नसतात.
समोरचा रफीक टेलर दोन सांगतो,
तिसऱ्याला नुसतं 'मिलमधला, खोकायचा' म्हणतो.

त्याही आधी यलय्या गुंडेटी, विणकर.
आणि यलय्याच्या मागं एक मोडीतलं पान.
ते वाचायला दाणी मास्तर भिंग घेऊन बसले,
पानाला दोनशे रुपये, चहा वेगळा.
निघालं काय, तर
पूर्वेस बोळ, पश्चिमेस चिंचेचे झाड,
दक्षिणेस परसय्या कोष्टी, उत्तरेस मोकळे.
घरी येऊन उत्तरेला बघितलं.
तीन मजली पतसंस्था. तीही बंद पडलेली.

१९७९. यलय्या मयत.
वारस मुलगे दोन, मुलगी एक.
मुलीच्या नावाला कंस घातलेला,
बाजूला, हक्क सोडला.
खाली डाव्या हाताचा अंगठा.
त्यात रेषाच नाहीत. गुळगुळीत डाग,
जसा पानं वळून वळून झिजलेल्या बोटाचा पडतो.
असले अंगठे रोज माझ्या टेबलावर येतात.

कुंभारीच्या विडी घरकुलात ती सापडली,
नरसव्वा बिंगी. मांडीवर सूप.
झेरॉक्स पुढं धरली, तरी बोटं थांबली नाहीत.
कागद घेतला, बाजूला ठेवला,
उडू नये म्हणून वर तंबाखूचा डबा.

"पत्रा माझ्या पैशाचा हाय," म्हणाली.
"आधी गवत होतं. हजार विडीला दोन रुपये.
किती हजार झाले, तुमीच करा हिशेब."
मी केला नाही.

मग बऱ्याच वेळानं,
"गुंत बुजवली का?"
मला कळलं नाही.
"मग्गमाची गुंत वो. मागाचा खड्डा, मधल्या खोलीत.
नायना त्यात पाय सोडून बसायचा,
कमरेपर्यंत जमिनीत.
मला वाटायचं, आमच्या बापाला पायच नाहीत.
संध्याकाळी वर आला की फुटायचे."
हसली, तर समोरचे दोनच दात.

बुजवली असणार, मी म्हणाले.
तिथली एक शहाबादी पाय पडला की पोकळ वाजते.
ती म्हणाली, "वाजू दे."

हक्क कशावर सोडला, साडीवर की धाकावर,
हे विचारायचं ठरवून गेले होते. राहिलं.
उलट तिनंच रेशनकार्ड काढलं:
दुकानातलं यंत्र तिचा अंगठा घेत नाही,
अर्ज करून द्याल का.
दिला. पैसे घेतले नाहीत,
तर शेंगाचटणीची पुडी पिशवीत कोंबली.

नवी मिळकत पत्रिका परवा हातात आली.
धारक म्हणून आमची नावं, माझं दुसरं.
'इतर हक्क' या रकान्यात बँकेचा बोजा,
आणि त्याखाली चार बोटं कोरी जागा.
खिडकीतल्या कारकुनाला मी काही बोलले नाही.
काय बोलणार, कुठल्या कलमाखाली?

गवंडी म्हणतो, ती फरशी उचलू,
काँक्रीट भरू, फ्रिज तिथंच बसतोय.
फ्रिज आठ दिवस दाराशी उभा आहे.
दार पुरतं उघडत नाही,
आम्ही सगळे तिरके होऊन आत येतो.