निवेपर्यंत

बेर्मेओच्या धक्क्यावर गेल्या मार्चात
एक बोट ओढून आणली.
पंप जाम, तळात पाणी,
पाण्यात आठवड्याची मासळी.
शाफ्ट मी खरेदी केला होता, स्वस्तात.
सही माझीच, निळ्या शाईची.
केसानं गळा कापतात म्हणे;
मी केसाच्या चौथ्या हिश्शानं कापला,
आणि तोही कोल्दोचा,
जो अजून रोज सकाळी मला हात करतो.

म्हणून या खेपेला स्वतः निघाले, बसनं,
ड्रॉइंगची नळी काखोटीला मारून
एल्गोइबारला, जिथं देबा नदीच्या दोन्ही काठांना
घरांखाली कारखाने
आणि कारखान्यांवर वाळत घातलेल्या चादरी.
दोनशे चाळीस नग. व्यास चाळीस.
मोकळीक सोळा मायक्रॉन, तीही खालच्याच बाजूला.

पहिल्या ठिकाणी दार आपोआप उघडलं.
फरशीवर तेलाचा थेंब नाही.
काचेमागे यंत्राचा हात उचलत होता, ठेवत होता,
वर बघत नव्हता.
भाव सात मिनिटांत फोनवर आला.
मी विचारलं, मोजतं कोण?
टाय लावलेला मुलगा म्हणाला, सिस्टिम.
तिचं नाव काय?
तो हसला. मी विनोद केला नव्हता.

दुसरा माझ्या मावसबहिणीचा नवरा.
त्याच्याबद्दल इतकंच, की जेवण छान होतं.

एस्कार्नेचा पत्ता दोनदा चुकला.
बेकरीमागच्या उतारावर पाच लेथ, त्यातला एक बंद.
बाई साठीची, बाह्या कोपराच्या वर,
बोटात अंगठी नाही, मनगटावर घड्याळ नाही;
फिरत्या लोखंडापाशी उभं राहणाऱ्याला
दागिना परवडत नाही.
तिनं काही विचारलं नाही. चकमध्ये सळई आवळली.
कीस आधी लांबच लांब निघाला, पाकाच्या तारेसारखा.
तिनं तोंड वाकडं केलं, एक बटण जरासं फिरवलं,
आणि तो सहाच्या, नवाच्या आकड्यांसारखा
तुटून पडू लागला.

शाफ्ट बाहेर आला.
मी पर्समधला माझा मायक्रोमीटर पुढे केला.
"आत्ता नको," ती म्हणाली, "तापलाय.
सोळानं फुगलाय.
तुझी सगळी मोकळीक नुसत्या तापात गेली.
आत्ता मोजलास तर खोटं बोलेल,
तोही आणि मीही."

काळ्या दगडी पाटावर तिनं तो ठेवला,
आणि आम्ही थांबलो.
चाळीस मिनिटं.
डबा उघडला: पाव, खारवलेली अँचोव्ही,
सिरक्यातल्या हिरव्या मिरच्या.
मुलाबद्दल म्हणाली, बिल्बाओत फोन विकतो,
दरवर्षी नवा घ्या म्हणतो, आणि लोक घेतात.
बाहेर सिरिमिरी, ती इथली भुरभुर
जिच्यासाठी कुणी छत्री उघडत नाही.
भिंतीवर तापमापक: वीस.
मिरची तिखट नव्हती, तरी मी पाणी प्यायले.
करायला दुसरं काही नव्हतं.

मग मोजला. तीन जागी,
फिरवून पुन्हा त्याच तीन जागी.
एक टोक तीन मायक्रॉननं जाड.
चालण्यासारखं होतं. मी म्हणालेही, चालेल.
तिनं कागदावर लिहिलं: तीन.
पेन्सिलीनं, मोठ्या अक्षरात,
मला वाचता येत नसल्यासारखं.

ऑफिसात कार्मेलोनं भाव वाचून चष्मा काढला.
सव्वापट महाग. वर अकरा दिवस उशीर.
"हिच्यात असं आहे काय?"
मला धड सांगता आलं नाही.
म्हणाले, "ती थांबते."
"थांबण्याचे पैसे?"
हो. बहुधा त्याचेच.
शुक्रवारी बघू म्हणाला.
त्याच्या सहीची जागा अजून कोरी आहे.
तिच्यावरच्या ओळीत माझी, निळ्या शाईत.

एल्गोइबारहून परतताना नमुन्याचा शाफ्ट सोबत होता,
तेलकट कागदात गुंडाळलेला.
घाटाची वळणं, ड्रायव्हरला घाई.
शेजारची बाई म्हणाली, पडेल हो, हातात धरा.
मी पिशवीत स्वेटर पसरला,
त्यावर तो आडवा ठेवला,
आणि घर येईपर्यंत
हात खिशात.