कळ

ग्लेनिस, माझी मिडवाइफ, दोन कागद पुढे सरकवते.
एकावर टाके, आणि सहा आठवडे जड उचलायचं नाही.
दुसऱ्यावर कळा.
खिडकीत स्टॉकपोर्टचा पूल, विटांच्या कमानी,
वरून गाडी जाते, काच जरा थरथरते.

हिला कसं सांगू,
आमच्यात कळ म्हणजे दुखणं, कळ म्हणजे बटणही,
आणि कळ काढ म्हणजे
थांब, बोलू नकोस.

नऊ वर्षांची होते. मामी अडली होती.
मला दाराच्या अलीकडे शेंगा सोलायला बसवलेलं.
सूप भरलं तरी ओरडणं थांबेना.
मग थांबलं.
आणि कोणी काहीच सांगितलं नाही.

घाबरू नकोस, असं ग्लेनिस म्हणत नाही.
डाव्या हाताने सावकाश लिहून घेते,
मामीच्या नावाचं स्पेलिंग विचारते.

आई फोनवर: पोट नको गं फाडून घेऊ,
बायका होतातच मोकळ्या.
रात्री पुन्हा फोन:
शुक्रवार माग. साडेदहाच्या आत. पुढे राहूकाळ.
इकडचे साडेदहा की तिकडचे?
ती गप्प.

शुक्रवार मिळाला. वेळ त्या दिवशीच कळेल.
आणि तारखेआधीच सुरू झालं, तर काय करायचं?
त्याचाही एक रकाना आहे.
तो तेवढा कोरा ठेवून
कागद पर्समध्ये घातलाय, दुमडून.

१९२ नंबरची बस येते.
एक मुलगा कानातलं न काढता
उठून जागा देतो.
आत कोणीतरी कूस बदलतं.