चौथ्या पहाटेचं

खोदामोराद, उजाडायला आलंय.
तीन रात्री दिवा विझू दिला नाही मी.
एरंडेलाचा वास ओढणीत मुरलाय,
सिरोग तळताना अंगठा भाजला, ते वेगळंच.
मोबेद म्हणतात, आत्ता तू पुलापाशी असशील.

पुलांचं तुला काय कौतुक!
जन्मभर जमिनीच्या पोटात वाकून चाललास,
डोंगराखालचं पाणी
करेझच्या अंधाऱ्या पाटातून तफ्तपर्यंत आणलंस.
उतरताना पांढरे कपडे,
वरून माती बसलीच तर वेगळं कफन नको म्हणून.
पुढ्यात मातीचा दिवा.
ज्योत बारीक झाली की मागे फिरायचं,
एवढंच तुझं शास्त्र.

यज़्दहून तो दरवेश यायचा, यदुल्ला,
लोकरीची टोपी, आपल्या डाळिंबांवर जीव.
विचारायचा, तुमच्या आगीच्या आत काय आहे?
तू म्हणायचास, निखारा.
तो हसायचा. पुढच्या खेपेला पुन्हा तेच.

शेवटी एकदा त्याला खाली नेलंस,
चाळीस हात, दोरावरून.
दिवा वळणाआड ठेवलास
(फुंकर घालणं आपल्यात पाप)
आणि दोघे बसून राहिलात.
वर आला तेव्हा दाढीत चिखल,
बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, आमचे पीरही हेच सांगतात,
तिथे जे दिसतं ते डोळ्यांना दिसत नाही.
तू म्हणालास, मला पाणी ऐकू आलं, बस्स.

तुमचं दोघांचं एकच होतं की दोन,
मला अजून उलगडलेलं नाही.
मी डाळिंब सोलत होते.

तो सांगायचा, वाटेच्या शेवटी आरसा असतो.
आपल्यात तिथे मुलगी असते.
दक्षिणेच्या सुगंधी वाऱ्यातून चालत येते,
वय पंधरा.
माणूस विचारतो, कोण गं तू?
ती म्हणते, मी तूच.
तू मनात आणलंस, बोललास, केलंस,
त्याचं हे अंग, हे तोंड.

पंधरा!
मी मत्सर करत नाही हो.
फक्त नीट बघ तिच्याकडे.
गुडघे खरचटलेले असतील,
नखांत लाल माती.
मेहरबानच्या बागेचं पाणी तू एका उन्हाळ्यात अडवलंस,
म्हणून एक भुवई अर्धीच उगवली असेल.
दचकू नकोस. हात धर तिचा.
उंचावर चालायची सवय तिलाही नसणार.

काल तुझा सदरा धुवायला काढला.
गळ्याशी तो नखाएवढा खिसा,
पुण्य साठवायचा.
उलटा केला
तर चिमूटभर वाळू पडली, पाटाच्या तळाची.
झटकली नाही मी.
पुन्हा आत भरली, आणि सदरा तसाच ठेवलाय,
न धुतलेला.

यदुल्ला दारात उभा आहे, टोपी हातात.
आत ये म्हटलं तर येत नाही.
गरम सिरोग दिली.
खातोय, रडतोय,
आणि म्हणतोय, मीठ कमी पडलं.