दहापैकी किती

कोपरखैरण्यात, सेक्टर पंधराला, पिठाच्या गिरणीच्या वर
तेजल भोईरचं क्लिनिक.
जिना चौदा पायऱ्यांचा. मी मोजलाय,
कमरेवर हात ठेवून.

ती विचारते, काका, आज दहापैकी किती?
मी म्हणतो, सहा.
खरं तर आठ. पण पोरगी एवढी खपते माझ्यासाठी,
तिला दोन तरी सोडावेत.

तिनं फिल्म खिडकीला धरली तेव्हा
मला दिसली थप्पी.
एकावर एक रचलेली पोती,
आणि खालून दुसरं जरा बाहेर सरकलेलं.
सत्तावीस वर्षं तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात
अशी थप्पी दिसली की आम्ही ओरडायचो,
सरका रे, ढासळतीय.
म्हणून मी वाकणंच सोडलं.
शिंक आली तरी भिंत धरायचो.
चप्पल शालन पायात अडकवायची.
पट्टा फक्त अंघोळीपुरता सुटायचा.

तेजल म्हणाली, हे पोतं नव्हे, काका.
पोतं फाटलं की फाटलं.
हे जिवंत आहे. माझी फिल्म काढली
तरी काहीतरी सरकलेलं दिसेल.
दुखतंय म्हणजे मोडतंय, असं नसतं दर वेळी.

मला राग आला.
म्हणजे मी काय सोंग करतोय?
नाही, म्हणाली. दुखतं ते खरंच दुखतं.
आणि पट्टा मागून घेतला,
घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवला,
हत्यार जप्त करावं तसा.

मग मला रांगायला लावलं.
शंभर शंभर किलो पाठीवरून वाहिलेला मी,
जावळीच्या शेलारांचा सर्जेराव,
निळ्या चटईवर, चार पायांवर.
उजवा हात पुढे, डावा पाय मागे.
काही उचलायचं नाही, काका, नुसतं तोल धरून राहायचं.
मी थरथरत होतो.
माझाच पाय मला दीड मणाचा.

मोजा, म्हणाली.
मी मोजलं, लाभ, दोन, तीन.
लाभ म्हणजे?
म्हटलं, मापाची सुरुवात एकनं करत नाहीत.
पहिलं माप लाभाचं, मग दोन.
तिनं ते वहीत लिहून घेतलं,
माझ्या दुखण्याच्या आकड्यांखाली.

घरी पहाटे पाचला.
खोली दहा बाय बारा, पाय मागे ताणला
की टाच गॅसच्या टाकीला लागते.
शालन कणिक मळता मळता मुकादमासारखी बघते,
खाली आला, खाली आला पाय.

तिसऱ्या आठवड्यात असं धरलं
की मी चटईला शिव्या घातल्या. दोन दिवस गेलोच नाही.
तेजलचा फोन, अर्धं करा, पण बंद करू नका.
अर्धं!
बाजारात अर्धं पोतं कोण उचलतं?
फोन ठेवला, आणि पाच वेळा केलं.

आता चार महिने झाले.
गेलं का दुखणं, कुणी विचारलं तर, नाही.
आहे. टोळीतल्या एखाद्या कटकट्या गड्यासारखं
रोज हजर.
फक्त त्याला विचारून मी आता उठत नाही.

परवा कागदावर सही द्यायला मार्केटात गेलो.
टेम्पोतून एक कांदा घरंगळत आला
आणि माझ्या पायाशी थांबला.
टोळी बघत होती. कुणीतरी पुढे यायला लागलं,
मी हातानंच थांबवलं.
गुडघे सैल. खुब्यातून वाकायचं. श्वास सोडत.
गेलो खाली,
आणि खालीच जरा थांबलो.
टरफलं, सुतळीचे तुकडे, ओला चिखल,
दोन वर्षांनी इतक्या जवळून बघत होतो.

वर आलो तेव्हा कांदा हातात होता.
ज्ञानू ओरडला, काय सर्जा, किती झाले?

लाभ, म्हटलं.