रकाना नऊ

मासिक उत्पन्न, पुराव्यासह.
चांगुणा तांडेल म्हणते,
महिन्याचं नाय म्हाईत,
टोपलीचं इचार.

ससून डॉक, पहाटे चारपासून.
टोपलीमागे चाळीस.
डोकं अंगठ्यानं उडवायचं,
पाठीतला काळा दोरा नखानं ओढायचा.
बर्फाचा टेम्पो मागे आला तेव्हा
सहावी टोपली अर्ध्यावर होती.
तिचे वीस रुपये मुकादमाकडेच राहिले,
तेही लिही म्हणते.

दाखला सांगतो: संपूर्ण शरीराच्या मानाने
अपंगत्व बारा टक्के.
वय सत्तेचाळीस, गुणक तेरा.
वकीलसाहेब आतून ओरडतात,
पावती नसेल तर किमान वेतन धर.

मी टाइप करते.
अंगठा मला लागतो तो फक्त
दोन शब्दांमध्ये जागा सोडायला.

सही येत नाही तिला.
मी शाईचा डबा उघडते. रिवाज असा,
पुरुषांचा डावा, बायकांचा उजवा.

ती पदराखालून हात काढते.
आम्ही दोघी थोडा वेळ
कागदावरच्या चौकोनाकडे बघत राहतो.

मग तीच विचारते,
डावा दिला तं
पैसं कमी व्हतील का गो?