मागचा खांब

सफरचंदाच्या बागेत सापडली ती,
ह्युऑन नदीच्या काठी, कोंबड्यांसकट.
चाकं नव्हती. छपरावर पत्रा, पत्र्यावर विटा,
आणि ड्रायव्हरच्या जागी अंड्यांवर बसलेली
एक तांबडी कोंबडी,
जी आम्ही क्रेन आणली तरी उठेना.

होबार्टच्या ट्राम मोडीत निघाल्या तेव्हा
डबे विकले गेले गायीपेक्षा स्वस्त.
कुणी समुद्रावर नेले, कुणी मेंढ्यांसाठी,
आणि ही, नंबर एकेचाळीस,
सफरचंदं तोडायला येणाऱ्यांचं बिऱ्हाड झाली.

लाकूड बरं आहे, क्लेम पिबस म्हणाला.
माणसांबद्दल तो एवढंही बोलत नाही.

त्याला अकरा वर्षं झाली.
चाकं ब्रुसेल्सहून आली, दोन बोटी बदलून.
मोटर एका बंद खाणीतली,
घंटा शाळेची, आठवडाभर घासली
तरी तिचा सूर मधल्या सुट्टीचाच.
ब्रेकचं पितळी हँडल मात्र कुठेच मिळेना;
ते निघालं एका पबमध्ये, बिअरच्या नळाला.
क्लेमनं लेथवर हुबेहूब दुसरं बनवलं,
आणि दोहोंतलं पबला कुठलं दिलं
हे तो अजून सांगत नाही.

मी रंग खरवडते. दर रविवारी,
पातं बोथट होईस्तोवर.
पांढऱ्याखाली निळा, निळ्याखाली शेवाळी,
त्याच्याही खाली तो मूळ हिरवा,
ज्याच्यावरून तीन सभांत आमची जुंपली होती.
मागच्या दाराच्या खांबावर, शेवाळी थरात,
एकदम आडव्या रेघा लागल्या. पेन्सिलीच्या.
लोर्ना, फेब्रुवारी.
लोर्ना, फेब्रुवारी, बोटभर वर.
टाडेउश, एकदाच.
लोर्ना, चार बोटं वर, आणि शेजारी कुणीतरी लिहिलेलं:
टाचा उचलल्या होत्या.

आयव्हर गॅड्सबीनं घटना वाचून दाखवली:
मूळ रूप म्हणजे मूळ रूप.
ट्राम होती तेव्हा ती कुणाचं घर नव्हती.
कुणी काही बोललं नाही. त्याचं चुकत नव्हतं.

लोर्ना आली जुलैत, काठी टेकत.
हातमोजे काढून खांबाला पाठ लावून उभी राहिली,
न सांगता, सवयीनं.
सगळ्यात वरची रेघ
तिच्या डोक्याच्या दोन बोटं वर होती.
डावा खुबा जर्मन आहे आता, ती म्हणाली,
बाकीची मीच.
टाडेउशचं विचारलं, तर म्हणाली,
त्यांनी पुढच्या वर्षी दुसरी बाग धरली.
मग तिला कोंबडीची गोष्ट सांगितली. खूप हसली.

एकेचाळीस आता चालते, चारशे मीटर,
गोदामापासून कुंपणापर्यंत, आणि उलटी परत.
पोरं घंटा वाजवतात, क्लेम कानावर हात ठेवतो.
मागच्या खांबावर वीतभर शेवाळी पट्टा तसाच आहे.
आयव्हर दर मार्चला अहवाल लिहितो,
स्वतःच्या वळणदार अक्षरात:
रंगकाम बाकी.