आतनं गेला की बाहेरनं

घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवून
मी बुडबुडे शोधत असतो
आणि माझ्या दुकानापुढच्या बाकावर
रोज दुपारी दोन क्लब नव्यानं स्थापन होतात.

हुसेनसाब शिकलगार म्हणतात, शाहीन एकोणतीसचा.
अण्णाप्पा मगदूम म्हणतात, ते साल पेंटरनं टाकलंय,
त्याला नऊचा आकडा चांगला जमायचा.
लोको इलेव्हन त्याच्या आधीचा.
इंजिनात कोळसा पडायच्या आधीचा म्हणा,
म्हणजे मिटेल, असं याकोब लोंढे म्हणतात.
मिटत नाही.
शेजारच्या दुकानात कुणीतरी
तंबोऱ्याची एकच तार पिळत बसलेलं,
तीही लागत नाही.

मग चव्वेचाळीसची मॅच निघते.
वळिवड्याच्या छावणीतली पोलंडची पोरं
पॅसेंजरनं मिरजेला आलेली,
पायांत कुणाकुणाचे बूट,
गाव कुठल्या कुठं राहिलेलं,
पण लेफ्ट विंगला वीतभर जागा सोडतील तर शपथ.
महायुद्ध चालू. सुतळी मिळेना.
गोलला जाळं नव्हतं.
त्यामुळं शेवटच्या मिनिटाचा तो चेंडू
खांबाच्या आतनं गेला की बाहेरनं,
हे अजून ठरायचंय.

"आतनं! माझ्या वडलांनी मारलावता,
त्यांना ठावं नसंल?"
"तुझ्या वडलांनी मारला,
म्हणूनच म्हणतो, बाहेरनं."
याकोबचे वडील मिशन हॉस्पिटलात कंपाउंडर.
टिंक्चरची बाटली घेऊन गोलमागं उभे होते.
मरेपर्यंत सांगायचे, चेंडू मला लागला,
बाटली फुटली, आठवडाभर कोटाला वास.
कुठल्या बाजूनं येऊन लागला
तेवढं सांगायचं राहिलं.

एकदा मी पंप मारता मारता विचारलं,
तुमच्यातलं कोण होतं तिथं?
तिघंही पंपाकडं बघायला लागले.
सगळ्यांत थोरले हुसेनसाब,
तेही बावन्नच्या उन्हाळ्यातले.

एकाहत्तरची मात्र कुणी काढत नाही.
ती हे तिघं खेळले.
मी दहा वर्षांचा, लिंबं कापून द्यायला.
डिसेंबरातला रविवार, काचांना काळे कागद,
मोटारींच्या डोळ्यांवर अर्धी अर्धी पापणी रंगवलेली.
शाहीन एक, लोको एक.
लोकोचा कृष्णा मिसाळ पलटणीतनं सुट्टीवर आलेला.
तार मैदानावरच आली.
पोस्टमन रेषेबाहेर सायकल धरून उभा राहिला,
रेफरी शिट्टी तोंडात धरून.
कृष्णानं हात वर केला,
एवढा कॉर्नर मारून येतो.

मारला.
चेंडू हुसेनसाबांच्या डोक्यावरनं वळला
आणि भोंगा झाला.
कॉलनीतले दिवे गेले, स्टेशनातले गेले,
चेंडू उतरताना कुणाला दिसला नाही.
अंधारात रेफरीचा आवाज,
अकरा मिनिटं राहिलीत, पुढच्या रविवारी खेळू.
बूट न काढताच कृष्णा निघाला.
खडीवरनं खिळ्यांची करकर
बराच वेळ येत होती.

पुढच्या रविवारी कुणी आलं नाही.
त्याच्या पुढच्या आठवड्यात दुसरी तार आली,
ती मैदानावर नाही.

दोन्ही क्लबांच्या वह्या आता माझ्याच फळीवर आहेत,
ब्लॅडरच्या डब्याखाली.
साल जुळत नाही, खेळाडूंची नावं जुळत नाहीत,
एकाच मॅचचे दोन निकाल आहेत.
त्या तारखेपुढं मात्र दोन्हींत
कोरी जागा, सारखीच.

संध्याकाळ होते. रेल्वे ग्राऊंडची पोरं चेंडू घेऊन येतात,
काका, हवा.
मी भरतो, अंगठ्यानं दाबून बघतो.
हुसेनसाब उठतात, टोपी झटकतात, दोन पावलं जातात.
मागनं अण्णाप्पा, हळूच,
"पण चव्वेचाळीसचा बाहेरनंच गेला बरं का."

हुसेनसाब परत येऊन बसतात.